मामा तलावावरून समुद्राच्या लाटेवर: पॅडलबोर्ड लांब घ्यावा की आखूड?

विदर्भाला समुद्र नाही, पण उभं राहून वल्हवायला लागतं तसं संथ पाणी आपल्याकडे भरपूर आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगावी आहेत आणि पावसाळा सरल्यावर ते काठोकाठ भरलेले असतात. अशा तलावावर पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी, चालवायला शिकलेल्या माणसाला कधी ना कधी लाट खुणावतेच. मग पहिला प्रश्न येतो तो बोर्डाचा. लाटेवर दोन तऱ्हेने चालता येतं, लाँगबोर्डच्या पद्धतीने किंवा शॉर्टबोर्डच्या. दोन्हींचे बोर्ड वेगळे, पाय ठेवायची जागा वेगळी, वल्ह्याचं काम वेगळं.

माझं मत आधीच सांगतो. समुद्र वर्षातून एखाद-दोन आठवडेच मिळणार असेल तर लाँगबोर्ड घ्या. शॉर्टबोर्ड वाईट आहे असं नाही. पण त्याची निम्मी कसोटी लाट येण्याआधीच लागते, नुसतं उभं राहण्यात. जो किनाऱ्यावर राहतो त्याला ते महिनोन्महिने घोटता येतं. आपण गोंदियाहून गाडीत बसून जाणार, त्यातले चार दिवस पाण्यात पडण्यातच गेले तर हाती लाटा उरतात किती? तरीही शॉर्टबोर्डच हवा असेल तर त्याची तयारी तलावावर करता येते, आणि ती कशी करायची हेच या लेखात जास्त विस्ताराने सांगणार आहे.

दोन्ही बोर्ड नीट बघून घ्या

लाटेसाठीचा लाँगबोर्ड साधारण 9 ते साडेदहा फूट लांब, 28 ते 32 इंच रुंद असतो. पुढचं टोक, म्हणजे नोज, गोल आणि रुंद. खाली मधोमध एक मोठं फिन, म्हणजे माशाच्या परासारखं उभं पातं, किंवा मोठ्या फिनच्या दोन बाजूंना दोन लहान. शॉर्टबोर्ड साधारण 7 ते पावणेनऊ फुटांचा, नोज टोकदार, मागची बाजू म्हणजे टेल निमुळती, कडा मागे धारदार आणि फिन तीन किंवा चार.

बाजूने पाहिलं की खरा फरक कळतो. शॉर्टबोर्ड पुढून-मागून जास्त वर वळलेला असतो. या वळणाला रॉकर म्हणतात. उभ्या चढाच्या लाटेवरून खाली उतरताना हा बाक लाटेच्या पोटाशी जुळतो आणि नोज पाण्यात घुसत नाही. पण सपाट पाण्यावर हाच बाक पाणी ढकलत राहतो, म्हणून बोर्ड रेंगाळतो. लाँगबोर्ड जास्त सपाट असतो, पाण्याला त्याची लांब रेघ टेकते, म्हणून चार वल्ह्यांत तो पळायला लागतो आणि लाट अजून फुगते आहे तोवरच तिच्यावर स्वार होतो. शॉर्टबोर्डवाल्याला लाट उभी होईपर्यंत थांबावं लागतं, अगदी नेमक्या जागी. पण एकदा लाटेवर आला की मागच्या पायावर जोर देऊन तो जी वळणं घेतो, ती लाँगबोर्डवर तशी जमत नाहीत.

लाँगबोर्डची शैली चालण्याची आहे. बोर्डावर पाऊल पुढे टाकत नोजपर्यंत जायचं, पायाची बोटं पुढच्या कडेला टेकवायची, आणि वळायचं असेल तेव्हा परत मागे यायचं. नोजवर उभं राहूनही बोर्ड पुढे कोसळत नाही, कारण लाटेचं पाणी टेलवरून वाहत तिला दाबून धरतं. म्हणून नोजवर जाण्याआधी बोर्ड लाटेच्या उंच भागात, फुटणाऱ्या पाण्याच्या जवळ ठेवावा लागतो. शॉर्टबोर्डवर चालायला जागाच नाही. पाय एकदा रोवले की सगळं काम गुडघे, कंबर आणि खांद्यांचं.

लिटरचा हिशेब

लांबीपेक्षा आधी बोर्डावर छापलेले लिटर, म्हणजे बोर्डाचं आकारमान, बघा. नवशिक्याने वजनाच्या किलोला पावणेदोन ते दोनाने गुणावं, सवय झालेल्याने सव्वा ते दीडने. मुरलेले शॉर्टबोर्डवाले वजनाच्या जेमतेम वर असलेल्या आकड्यावरही उभे राहतात, पण त्यांच्याकडे बघून खरेदी करू नका. 70 किलोच्या माणसाला 10 फूट लांब, 30-31 इंच रुंद, 140 लिटरच्या आसपासचा लाँगबोर्ड छान होतो. त्याच माणसाने पहिला शॉर्टबोर्ड साडेआठ फूट, 30 इंच, 115 ते 120 लिटरचा घ्यावा. रुंदीत कंजुषी नको. उभं राहताना तोल जातो तो आडवा, पुढे-मागे कमी.

तलावावर शिकणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट आहे. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. 115 लिटरचा बोर्ड तलावात जास्तीत जास्त 115 किलो पेलत असेल तर समुद्रात तो जवळपास 118 किलो पेलतो. म्हणजे तलावावर ज्या बोर्डावर तुम्ही निवांत उभे राहता, तो समुद्रात थोडा जास्तच तरंगेल. हलणारं पाणी तो फायदा खाऊन टाकतं हे खरं, पण तलावावरचा सराव खोटा नाही एवढं त्यातून समजावं.

तलाव कोणता, केव्हा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. तलाव भरलेले असतात, सकाळी वारा नसतो. धानाला पाणी सुटलं की पातळी उतरत जाते आणि एप्रिलनंतर कितीतरी तलावांत फिन गाळात रुततं. पावसाळ्यात सांडव्याजवळ, कालव्याच्या तोंडाशी किंवा वाहत्या वैनगंगेत बोर्ड घेऊन उतरू नका. गोसेखुर्दसारख्या धरणाच्या खाली तर मुळीच नको, दारं उघडली की पाणी चढायला वेळ लागत नाही. जंगल खात्याच्या हद्दीतला तलाव असेल तर परवानगीशिवाय जायचं नाही. ताडोबाच्या तलावात मगरी आहेत.

बहुतेक मामा तलावांवर मासेमारीचा ठेका गावच्या मच्छीमार संस्थेकडे असतो. आधी ढिवरांना विचारा. जाळी कुठे लावली आहेत, शिंगाडा कुठे टाकला आहे, पाण्याखाली खुंट कुठे आहेत, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. आणि शिकायचंही त्यांच्याकडून पुष्कळ आहे. आमच्या भागातले एक काका डोंग्यात उभे राहून बांबूने ढकलत जातात, डोंगा कितीही डुलला तरी त्यांची मान हलत नाही. मला त्यांनी सांगितलेलं एवढंच होतं, "पायाकडे नको पाहू बाबू, जिकडे जायचं तिकडे पाह. काठी पान्यात हाय तोवर तू पडत नाही." लाटेवरच्या वल्ह्याचं यापेक्षा नेमकं शिक्षण मला पुढे कुठे मिळालं नाही.

लाइफ जॅकेट तलावावर नेहमी, पोहता येत असलं तरी. एकट्याने जायचं नाही. पायाला बांधायची दोरी, म्हणजे लीश, तलावासाठी गुंडाळीची घ्या. सरळ लीश पाण्यात ओढत जाते आणि कमळाच्या देठांत, जाळ्यात अडकते. फिनही आखूड लावा.

तलावावर घोटायच्या गोष्टी

आधी दोन्ही शैलींना लागणारं एक काम. सपाट पाण्यावर आपण दोन्ही पाय शेजारी ठेवून, तोंड समोर करून उभे राहतो. लाटेवर एक पाय पुढे, एक मागे असतो. या उभं राहण्याची सवय तलावावरच लावा. बोर्ड चालू असताना एक पाय अर्धं पाऊल मागे घ्या, टाच थोडी आत वळवा, वीस वल्हे मारा, परत जागेवर या. कोणता पाय मागे जायला सोपा वाटतो ते आपोआप कळेल. डावा पाय पुढे असेल तर तुमची छाती उजवीकडे वळते, म्हणून उजव्या बाजूने वल्हवणं सोपं आणि डावीकडून अवघड. अवघड बाजूला दुप्पट वेळ द्या. समुद्रावर लाट तुमची सोयीची बाजू बघून येत नाही.

दुसरं काम दमाचं. उभ्या जागेवरून आठ वल्हे पूर्ण ताकदीने, मग बोर्ड थांबू द्यायचा, परत आठ. लाट पकडताना एवढाच वेळ मिळतो. वल्हं पायाच्या पुढे पाण्यात पूर्ण बुडवायचं आणि पायापाशी येताच बाहेर काढायचं. पायाच्या मागे ओढलं तर टेल खाली बसते आणि वेग मरतो.

आता टेलवरचं वळण. शॉर्टबोर्डची हौस असलेल्याने निम्मा सराव इथे खर्च करावा. समुद्रात तुम्ही क्षितिजाकडे तोंड करून उभे असता. लाट दिसते आणि तीन-चार सेकंदांत बोर्ड उलटा फिरवून किनाऱ्याकडे करावा लागतो. सपाट पाण्यावर फिरवतो तसं कडेकडेने वल्हं मारत फिरवत बसलात तर लाट निघून जाते.

ते असं करायचं. डावा पाय पुढे असणाऱ्याचं उदाहरण घेऊ. बोर्डाला हलका वेग द्या. वल्हं उजवीकडे पाण्यात सपाट टेकवून आधार घ्या आणि उजवा पाय मागे सरकवा, आधी थोडा, मग बोर्डाच्या मधोमध असलेल्या हँडलच्या बराच मागे. गुडघे वाकवा, ढुंगण खाली आणा, वजन दोन्ही पायांत वाटून ठेवा. आता हळूहळू मागच्या पायावर जा. नोज पाण्यातून उचललं जाईल. ते उचललं गेलं की उजवीकडे नोजपासून टेलपर्यंत मोठा अर्धवर्तुळाकार वल्हा मारा. बोर्ड टेलवर गर्रकन डावीकडे फिरतो. फिरून होताच वजन पुढच्या पायावर आणा, नोज खाली बसवा आणि थांबू नका, लगेच पुढचे तीन वल्हे मारा. पहिले काही दिवस पाठीवर पडाल, पाणी खोल आहे ना एवढं आधी बघा. बहुतेकांची गडबड एकाच ठिकाणी होते, नोज वर आलं की गुडघे ताठ होतात. ते वाकलेलेच ठेवले की अर्धं काम झालं. मग हेच डाव्या बाजूच्या वल्ह्याने, उजवीकडे फिरत.

लाँगबोर्डवाल्याचा सराव वेगळा. बोर्डाच्या मधल्या रेषेवर एका पायावरून दुसरा पाय ओलांडत पुढे चालायचं. सरकत जाणं सोपं वाटतं, पण दोन्ही पाय ताणून पसरले की परत येता येत नाही. तलावावर नोजपर्यंत जाता येणार नाही, बोर्ड बुडेल, कारण टेल धरून ठेवायला लाट नाही. तेव्हा दोन पावलं पुढे, दोन मागे, एवढंच पण न बघता जमायला हवं. आधी घराच्या ओसरीत खडूची रेघ ओढून करा.

हे दोन्ही जमलं की मोठ्या जलाशयावर दुपारी वारा उठल्यावर काठाजवळ उभं राहून बघा. लहान लहान लाटांत बोर्ड सतत हलतो आणि समुद्रात थांबताना काय वाटेल त्याची कल्पना येते. वारा काठाकडे येत असेल तरच उतरा. काठापासून आत ढकलणाऱ्या वाऱ्यात परतणं जिवावर बेतू शकतं.

वल्हं, हवेचा बोर्ड आणि आपलं ऊन

तलावासाठी वल्हं उंचीपेक्षा 20 ते 25 सेंटिमीटर लांब बरं. लाँगबोर्डवर लाटेसाठी 10 ते 15 सेंटिमीटर जास्त पुरे, शॉर्टबोर्डवर आणखी कमी, डोक्याच्या जरा वर. लाटेवर गुडघे वाकलेले असतात, लांब वल्हं मध्ये येतं. कमी-जास्त होणारं वल्हं घेतलं तर एकात भागतं. पात्याचा बाक पुढच्या बाजूला गेला पाहिजे. पातं आपल्याकडे वाकलेलं असेल तर वल्हं उलटं धरलं आहे.

हवा भरायचा बोर्ड रेल्वेने न्यायला सोपा, तलावालाही उत्तम. लाँगबोर्डच्या शैलीने लहान लाटांवर तो चालतो. शॉर्टबोर्डसाठी मात्र नको. त्याच्या कडा जाड आणि गोल असतात, लाटेत रुतत नाहीत, त्यामुळे वळण घेताना बोर्ड घसरतो. माझा सल्ला असा, तलावासाठी हवेचा स्वतःचा ठेवा आणि समुद्रावर कडक बोर्ड तिथल्या सर्फिंगच्या शाळेतून भाड्याने घ्या. दोन-तीन आकार चालवून बघता येतात हा त्यात मोठा लाभ.

हवेच्या बोर्डात साधारण 15 पीएसआय हवा असते. 30 अंशांत भरलेला बोर्ड तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उन्हात तापून 60 अंशांवर गेला तर दाब जवळपास 18 होतो आणि सांधे उसवू शकतात. पाण्याबाहेर काढला की सावलीत ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा. पाळीवर बाभळीचे काटे असतात, बोर्ड ओढत नेऊ नका. कडक बोर्ड मे महिन्यात बंद गाडीत ठेवला तर त्याचं कवच आतल्या फोमपासून सुटून फुगतं. हवा निघायचा स्क्रू असेल तर प्रवासात सैल करा आणि पाण्यात जाण्याआधी आठवणीने घट्ट.

समुद्रावर गेल्यावर

शिकायला कर्नाटकातलं मुल्की, गोव्याचा उत्तर भाग, चेन्नईजवळचं कोवलम ही ओळखीची ठिकाणं आहेत. मुल्कीजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर 2024 च्या मार्चमध्ये पॅडलबोर्डची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली. आपल्याला रेल्वेने पुरी जवळ पडतं, पण तिथली लाट किनाऱ्यालाच आपटते आणि ओढ जोरदार असते, पहिल्या खेपेला ती नको. पश्चिम किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे या काळात लाटा लहान, शिकायला योग्य. पावसाळ्यात तिकडे फिरकू नका.

पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात, लाटा गुळगुळीत राहतात. दुपारी खारे वारे सुटले की पाणी खवळतं. म्हणून सकाळचा वेळ बोर्डाला द्यायचा. भरती-ओहोटी आपल्या अंगवळणी नसते, पण घरातलं कॅलेंडर कामाला येतं. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी फार चढतं-उतरतं, अष्टमीच्या भांगाला कमी. पहिल्या खेपेला भांगाचे दिवस धरा. पूर्व किनाऱ्याला हा हिशेब लावू नका.

लीश इथे सरळ, बोर्डाच्या लांबीएवढी. दहा फुटांचा बोर्ड आणि दहा फुटांची लीश, म्हणजे तुम्ही पडलात की तुमच्याभोवती वीस फुटांत कोणालाही लागू शकतं. तेवढं अंतर ठेवा. फुटणाऱ्या लाटेच्या जवळ जो आधी आहे, लाट त्याची. उभं असल्याने पॅडलबोर्डवाल्याला लाट लांबून दिसते आणि आधी पकडता येते, तेव्हा पोटावर झोपून वाट बघणाऱ्यांच्या सगळ्या लाटा आपणच घेत बसू नये. पडताना सूर मारायचा नाही, पसरून पडायचं, वर येताना हात डोक्यावर. बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मध्ये नको. ओढीत सापडलात तर बोर्ड सोडू नका आणि ओढीच्या विरुद्ध झगडू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला निघा.

बाहेर जाताना फेसाळ पाणी आलं की एक पाय मागे घ्या, नोज जरासं उचला, फेस बोर्डाखाली येताच वजन पुढे टाकून जोरात वल्हा. लाँगबोर्ड इथे जड जातो, पाणी त्याला मागे ढकलतं. शॉर्टबोर्ड वरून निघतो. त्याचा हा एक फायदा मान्य करायला हवा.

लाट पकडताना लाँगबोर्डवर लवकर निघा. बोर्ड उचलला गेला असं तळपायाला जाणवलं की आणखी दोन वल्हे मारा, मगच पाय मागे घ्या. घाईने मागे गेलात की लाट खालून निघून जाते. शॉर्टबोर्डवर पाय आधीच पुढे-मागे ठेवायचे, लाट उभी होईपर्यंत धीर धरायचा आणि चार-पाच वल्ह्यांत जायचं.

वळताना वल्हं लाटेच्या अंगावर टेकवा. उजवीकडे फुटत जाणाऱ्या लाटेवर, डावा पाय पुढे असेल तर, खाली उतरल्यावर पातं उजवीकडे पुढे पाण्यात ठेवून त्यावर थोडं रेला, बोर्ड त्याच्याभोवती वळतो. लाँगबोर्डवर हे सावकाश आणि मोठ्या वर्तुळात, आधी एक पाऊल मागे येऊन. शॉर्टबोर्डवर मागचा पाय फिनच्या वर असतो, म्हणून वळण लगेच मिळतं आणि चूकही लगेच कळते.

आखूड बोर्डाकडे केव्हा जावं

टेलवरचं वळण दोन्ही बाजूंनी सलग पाच वेळा न पडता झालं, वाऱ्याच्या पाण्यात दहा मिनिटं गुडघा न टेकता उभं राहता आलं, आणि समुद्रावर लाँगबोर्डने सरळ न जाता लाटेच्या अंगाने तिरकं जाता आलं, की शॉर्टबोर्ड भाड्याने घ्या. एकदम साडेसात फुटांवर उडी नको, नऊ फुटांखालचा रुंद बोर्ड आधी. दोन दिवसांत थांबून उभं राहण्याचं दडपण गेलं नाही तर परत लाँगबोर्ड घ्या आणि उरलेल्या लाटा पुऱ्या वसूल करा. नंतरचा सराव गावच्या तलावावर करता येतो, सकाळी सहा वाजता, जाळी काढून झाल्यावर.